टेनपिन बोलिंग: अंगठ्याची पकड आणि रिलीज सुधारण्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

टेनपिन बोलिंग शिकू लागलेल्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. चेंडू कधी उजवीकडे भरकटतो, कधी डावीकडे ओढला जातो, कधी हातातून लवकर निसटून अप्रोचवर, म्हणजे लेनच्या आधी पावले टाकण्याच्या जागेवर, आपटतो, तर कधी उशिरा सुटून लेनवर धाडकन पडतो. अशा वेळी खेळाडू आपल्या पावलांत, खांद्यात किंवा नजरेत दोष शोधत बसतो आणि चेंडूतल्या अंगठ्याच्या भोकाकडे त्याचे लक्षच जात नाही. माझ्या अनुभवात नवख्या खेळाडूच्या निम्म्याहून अधिक अडचणी त्या भोकापाशी सुरू होतात.

हा भाग इतका महत्त्वाचा का, हे लेनच्या मापावरून कळते. फाऊल लाइनपासून, म्हणजे अप्रोच आणि लेन यांच्यामधल्या रेषेपासून, पहिली पिन 60 फुटांवर असते. चेंडू सुटताना त्याची दिशा एका अंशाने चुकली, तर पिनपर्यंत पोहोचेस्तोवर तो सुमारे साडेबारा इंच बाजूला गेलेला असतो. आणि पिनचा सर्वांत फुगीर भाग पावणेपाच इंचांच्या आसपास भरतो. अंगठा क्षणभर जरी अडकला, तरी हात वळतो आणि एका अंशाची चूक सहज होते.

चांगल्या रिलीजमध्ये, म्हणजे चेंडू हातातून सोडताना, आधी अंगठा बाहेर पडतो, त्यानंतर अगदी थोडा वेळ चेंडूचा सगळा भार मधल्या बोटावर आणि अनामिकेवर येतो, आणि ती दोन बोटे चेंडूला फिरकी देऊन सुटतात. यात अंगठा मुद्दाम बाहेर काढावा लागत नाही. तो आपोआप बाहेर पडेल अशी परिस्थिती आधी तयार करावी लागते आणि या लेखातील सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, ही विनंती आहे. भोक मापाचे नसताना रिलीजचा सराव केला, तर हाताला चुकीची सवय लागते आणि ती नंतर मोडायला फार वेळ जातो.

पुढील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

जवळ ठेवण्याचे साहित्य

- भोकाच्या आत चिकटवायची बोलिंगची टेप, गुळगुळीत आणि खरखरीत अशी दोन्ही प्रकारची. ती अर्धा, पाऊण आणि एक इंच रुंदीत मिळते. सुरुवातीला पाऊण इंची घ्यावी.
- टेप बसवण्यासाठी आणि काढण्यासाठी चिमटा किंवा बोथट टोकाची छोटी सुरी.
- मायक्रोफायबरचा रुमाल आणि रोझिनची (चिकट राळेची) पुरचुंडी.
- अंगठ्याच्या त्वचेवर लावायची संरक्षक टेप.
- नखे कापण्याचे यंत्र आणि कानस.
- स्लो मोशन चित्रीकरण करणारा फोन आणि तो उभा ठेवण्यासाठी छोटा स्टँड.
- एक वही. टेपच्या किती पट्ट्या लावल्या आणि चेंडू कसा सुटला, याची नोंद ठेवल्याशिवाय पुढे काही समजत नाही.

1. चेंडूचे वजन ठरवा आणि भोक तपासा

मॉलमधल्या किंवा क्लबमधल्या हाउस बॉलवर, म्हणजे सर्वांसाठी ठेवलेल्या चेंडूवर, छापलेला आकडा पौंडांतला असतो. 12 म्हणजे साधारण 5.4 किलो आणि नियमानुसार चालणारे सर्वाधिक वजन 16 पौंड, म्हणजे 7.26 किलो. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चेंडू घ्यावा असे अनेकदा सांगितले जाते. तो फार ढोबळ आडाखा आहे. त्यापेक्षा चांगली कसोटी अशी: अंगठा आणि दोन बोटे भोकांत घालून हात शरीराच्या बाजूला सरळ लोंबता सोडावा आणि खांदा न उचलता, अंगठा न आवळता चेंडू काही क्षण तसाच राहतो का ते पाहावे. आवळल्याशिवाय राहत नसेल, तर वजन जास्त आहे किंवा भोक सैल आहे.

आता भोकाकडे या. अंगठा मुळापर्यंत आत गेला पाहिजे. अर्धवट घातलेला अंगठा पकडीसाठी वाकतो आणि वाकलेला अंगठा वेळेवर सुटत नाही. आत गेल्यावर तो गोल फिरवून पाहावा: सर्व बाजूंनी भोकाच्या भिंतीचा हलका स्पर्श जाणवावा, पण कातडी ओढली जाऊ नये. नंतर अंगठा सरळ ठेवून बाहेर ओढावा. तो किंचित घासत, पण न अडखळता निघाला म्हणजे माप योग्य आहे. बाटलीचे बूच निघावे तसा टप् असा आवाज आला, तर भोक घट्ट आहे किंवा आपण अंगठा दाबतो आहोत.

इथे एक सापळा आहे. हाउस बॉलमध्ये वजन वाढते तशी भोकेही मोठी होत जातात, कारण जड चेंडू मोठ्या हाताचा माणूस उचलेल असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे सडपातळ बोटांच्या पण बळकट खेळाडूला योग्य वजनाच्या चेंडूत भोक नेहमी सैल मिळते, आणि जाड अंगठ्याच्या खेळाडूला हलक्या चेंडूत अंगठाच जात नाही. आपल्या लेनमागच्या रॅकवर जे मिळेल ते उचलण्यापेक्षा सगळ्या रॅकवरचे चेंडू हाताळून पाहावेत. त्यात पाच मिनिटे गेली, तरी ती वाया जात नाहीत.

2. स्पॅन तपासा

अंगठ्याच्या भोकाची कड आणि बोटांच्या भोकांची कड यांच्यातील अंतराला स्पॅन म्हणतात. हाउस बॉलची पकड कन्व्हेन्शनल प्रकारची असते, म्हणजे बोटे टोकाकडून दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जातात. ती तपासण्यासाठी अंगठा पूर्ण आत घालावा आणि मधले बोट व अनामिका भोकांत न घालता त्यांच्यावर आडवी पसरावीत. दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या जवळच्या कडेपलीकडे साधारण पाव इंच पोहोचली पाहिजे. नंतर बोटे आत घातल्यावर तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये एक पेन्सिल जेमतेम सरकावी.

स्पॅन लांब असेल, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली त्वचा ताणली जाते आणि खेळून झाल्यावर तिथे दुखते. आखूड असेल, तर तळहात चेंडूपासून उचलला जातो, अंगठ्याचा सांधा वाकतो आणि खेळाडू नकळत चिमटीत धरल्यासारखा चेंडू धरतो. या दोहोंपैकी आखूड स्पॅन अधिक फसवा असतो, कारण तो सुरुवातीला सुखाचा वाटतो.

3. स्वतःचा चेंडू ड्रिल करून घेताना

खेळ गंभीरपणे घ्यायचा असेल, तर स्वतःच्या हाताच्या मापाने ड्रिल केलेला, म्हणजे भोके पाडलेला, चेंडू लवकरात लवकर घ्यावा. अमेरिकेत राहणाऱ्यांना बोलिंग सेंटरमध्येच किंवा जवळपास प्रो शॉप, म्हणजे चेंडू ड्रिल करून देणारे दुकान, सापडते. महाराष्ट्रात मात्र चौकशी करावी लागते आणि ती सेंटरच्या काउंटरवर करण्यापेक्षा तिथे नियमित सरावाला येणाऱ्या खेळाडूंकडे करावी. ऑनलाइन मागवलेला, कोणाच्या तरी अंदाजाने ड्रिल केलेला चेंडू घेऊ नये. ड्रिलरने आपला हात प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे.

ड्रिलरशी बोलताना चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली म्हणजे पकडीचा प्रकार. फिंगरटिप पकडीत बोटे पहिल्या सांध्यापर्यंतच आत जातात, त्यामुळे अंगठा सुटल्यानंतर बोटांना चेंडू फिरवायला अधिक वाव मिळतो. हुक, म्हणजे लेनवर वळणारा चेंडू, शिकायचा असेल, तर हीच पकड घ्यावी.

दुसरी गोष्ट पिचची, आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. भोक चेंडूत कोणत्या कोनात जाते, तो पिच. अंगठ्याचे भोक तळहाताखाली वळलेले असेल, तर त्याला फॉरवर्ड पिच म्हणतात आणि त्याने अंगठा अधिक काळ आत राहतो. ते तळहातापासून दूर वळलेले असेल, तर तो रिव्हर्स पिच असतो आणि अंगठा लवकर मोकळा होतो. अंगठा अडकतो म्हटल्यावर अनेक जण आणखी रिव्हर्स पिच मागतात. पण रिव्हर्स आधीच जास्त असेल, तर चेंडू निसटण्याच्या भीतीने हात तो आवळून धरतो, आणि आवळल्यामुळेच अंगठा अडकतो. म्हणजे अंगठा अडकण्याचे कारण कधी कधी भोक अतिमोकळे असणे हेही असते. म्हणून ड्रिलरला उपाय सांगू नये. अंगठा कुठे घासतो, घट्टा कुठे पडतो आणि चेंडू लवकर निसटतो की उशिरा, ही लक्षणे सांगावीत आणि शक्य असेल तर त्याच्यासमोर काही फेका करून दाखवाव्यात.

तिसरी गोष्ट भोकाच्या आकाराची. फार थोड्या लोकांचा अंगठा अगदी गोल असतो. चपटा अंगठा गोल भोकात दोन बाजूंनी सैल आणि दोन बाजूंनी घट्ट बसतो. अशा वेळी अंडाकृती भोक करून घेता येते. अंगठ्याच्या भोकात प्लास्टिकचा स्लग, म्हणजे दंडगोल तुकडा, बसवून त्यात भोक पाडले, तर पुढे बदल करणे सोपे जाते. फिरवून काढता येणारा, एका चेंडूतून दुसऱ्या चेंडूत घालता येणारा स्लगही मिळतो. दोन चेंडू वापरणाऱ्यांना तो विशेष सोयीचा, कारण दोन्हींत अंगठ्याला स्पर्श तोच मिळतो.

चौथी गोष्ट कडेची. भोकाची वरची कड नीट गोलसर घासलेली असावी. धारदार कड अंगठ्याच्या मुळाशी रुतते आणि तिचे परिणाम शेवटच्या पायरीत सांगितले आहेत.

4. टेपने भोक रोज जुळवून घ्या

अंगठ्याचे माप दिवसभर एकसारखे राहत नाही. मुंबई-पुण्याच्या पावसाळी दमट हवेतून थंडगार एसी हॉलमध्ये आल्यावर अंगठा आधी सुजलेला आणि ओलसर असतो; काही वेळाने तो सुकून बारीक होतो, आणि तीनचार गेम खेळल्यावर काहींचा पुन्हा सुजतो. म्हणून भोक थोडे सैल ठेवावे आणि ते टेपने भरून घ्यावे. पट्ट्या काढता-घालता येतात, भोक रोज घासता येत नाही.

पद्धत अशी. भोकाची आतली भिंत रुमालाने पुसून पूर्ण कोरडी करावी. पट्टीचे गोलाकार टोक वर ठेवून ती चिमट्याने आत न्यावी आणि वरच्या कडेपासून सुमारे पाव इंच खाली बसवावी, म्हणजे अंगठा आत जाताना तिची कड सोलली जात नाही. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती मधून कडांकडे दाबत जावी. खाली हवेचा बुडबुडा राहिला, तर पट्टी खेळताना सरकते आणि तिचा चिकट गोळा अंगठ्याला लागतो. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा किंचित खाली सरकवून लावावी, नाहीतर दोघींच्या कडा एकावर एक येऊन पायरी तयार होते. एका वेळी एकच पट्टी लावून चेंडू टाकून पाहावा.

बाजू कोणती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भोक नुसते भरायचे असेल, तर गुळगुळीत पट्टी नखाच्या बाजूला लावावी; पेराच्या मांसल बाजूला थर चढवत गेले, तर स्पॅन बदलल्यासारखा होतो. घाम येऊन अंगठा सटकत असेल, तर मांसल बाजूला एक खरखरीत पट्टी लावावी.

रोझिन आणि कोरडी पावडर यांची गल्लत करू नये. रोझिनने चिकटपणा वाढतो, तो घामट हातासाठी आहे. पावडरने अंगठा सरकतो. पावडर वापरलीच, तर ती अप्रोचवर सांडणार नाही याची खात्री करावी. सांडलेल्या पावडरीवर पुढच्या खेळाडूचा पाय घसरून त्याला गंभीर दुखापत होऊ शकते.

5. आवळणे थांबवा

भोक जुळले की मगच हाताकडे यावे. अंगठा भोकात सरळ, लांब आणि शांत असावा. त्याचे मांसल पेर भिंतीला टेकलेले असते, पण दाबत नाही. सांधा वाकत नाही. पकडीचा जोर दोन बोटांच्या पेरांत जाणवला पाहिजे. शक्य तेवढी घट्ट पकड म्हणजे दहा असे धरले, तर अंगठ्याचा दाब दोन-तीनच्या वर जाऊ नये.

सांगणे सोपे आहे, पण भीती हाताला आवळायला लावते. पाच-सहा किलोंचा गोळा मागे झोका घेत असताना तो निसटून कोणाला लागेल, असे मनात असते, आणि ही भीती रास्त आहे. तिला दटावून उपयोग नाही, हाताला पुरावा द्यावा लागतो. घरी गादीवर किंवा जाड सतरंजीवर गुडघे टेकून बसावे, चेंडू लोंबता धरावा, डावा हात खाली ठेवावा आणि अंगठ्याचा दाब हळूहळू कमी करत जावा. चेंडू नेमका कधी सरकू लागतो ते कळेल. योग्य मापाच्या भोकात तो आपल्या कल्पनेपेक्षा बराच उशिरा सरकतो. हे हाताला एकदा पटले की आवळणे पुष्कळ कमी होते.

चेंडू हातात घेऊन उभे राहण्याची पद्धतही यात येते. सुरुवातीच्या स्थितीत चेंडूचे वजन डाव्या हातावर असावे. आपली पाळी येण्याआधीच अंगठा आत घालून, चेंडू एकाच हातात धरून उभे राहणाऱ्याचा अंगठा पहिल्या पावलाआधीच थकलेला असतो. आधी दोन बोटे घालावीत, मग अंगठा मुळापर्यंत न्यावा. दर वेळी हाच क्रम ठेवावा.

6. झोका मोकळा ठेवा

हात खांद्यापासून लंबकासारखा झुलला पाहिजे. चेंडू पुढे ढकलल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, मागे जातो आणि परत येतो. खेळाडूने त्याला जोराने खाली ओढले, तर स्नायू ताठ होतात आणि तोच ताठरपणा मनगटातून अंगठ्यापर्यंत पोहोचतो. चार पावलांच्या अप्रोचमध्ये (पावलांच्या क्रमालाही अप्रोचच म्हणतात) चेंडू पहिल्या पावलाबरोबर पुढे गेला पाहिजे. तो उशिरा निघाला, तर शेवटी पाय थांबलेले असतात आणि हात अजून मागे असतो. मग हात घाई करतो आणि अंगठा दाबला जातो. अंगठा अडकतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांची खरी अडचण या पहिल्या पावलात असते.

मनगट सरळ किंवा किंचित आत वळलेले ठेवावे. ते मागे मोडले, तर अंगठा आणि बोटे जवळपास एकदमच सुटतात आणि चेंडूला फिरकी मिळत नाही. मनगटाला आधार देणारा पट्टा तात्पुरता उपयोगी आहे, पण भोकाचा दोष तो झाकतो. म्हणून पहिल्या चार पायऱ्या पूर्ण होईपर्यंत तो घालू नये असे माझे मत आहे.

7. रिलीजचा क्षण

आपला हात घड्याळाच्या तबकडीवर आहे असे समजा, 12 हा आकडा पिनकडे. सरळ चेंडूसाठी सुटताना अंगठा 12 वर आणि बोटे 6 वर असतात. हुकसाठी अंगठा 10 ते 11 च्या दरम्यान आणि बोटे 4 ते 5 च्या दरम्यान येतात. नवख्याने आधी 12 वर चेंडू स्वच्छ सोडायला शिकावे. हुकची घाई हा या खेळातला सर्वांत मोठा सापळा आहे.

चेंडू खाली येताना हात त्याच्या मागे राहतो. तो सरकत्या डाव्या पायाच्या घोट्याजवळ पोहोचला की अंगठा बाहेर पडतो, भार बोटांवर येतो, आणि चेंडू फाऊल लाइनच्या थोडे पुढे लेनला अलगद स्पर्श करतो. त्यानंतर हात लक्ष्याच्या दिशेने खांद्याच्या उंचीपर्यंत वर जातो. हा पुढचा झोका थांबवू नये. हात कुठे संपला, यावरून तो कसा सुटला ते कळते.

हुक मिळावा म्हणून हात लवकर आणि जास्त फिरवणे ही नेहमीची चूक आहे. हात चेंडूच्या वर जातो, अंगठा 9 कडे किंवा त्याहून खाली वळतो, आणि चेंडू भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरत पुढे सरकतो, पिनांवर मात्र जोर लावत नाही. हात फिरवण्याचा विचारच करू नये. अंगठा सुटल्यानंतर बोटे चेंडूच्या मागून बाजूला येतात तेवढेच वळण पुरे असते.

डोळ्यांसमोर नमुना हवा असेल, तर पीबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बोलिंग संघटनेची 40 विजेतेपदे मिळवणारे नॉर्म ड्यूक यांचे जुने सामने मंद गतीने पाहावेत. लहान चणीचा हा खेळाडू हाताच्या सफाईवर जगातल्या ताकदवानांना हरवत आला.

अंगठा न वापरता खेळावे का, हाही प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियाचे जेसन बेलमॉन्टे यांच्या यशानंतर दोन हातांनी, अंगठा बाहेर ठेवून टाकण्याची पद्धत जगभर पसरली. ती पूर्णपणे वैध आहे, मात्र तिची पावले आणि शरीराचा झुकाव वेगळा असल्याने ती पहिल्यापासून स्वतंत्रपणे शिकावी. अंगठ्याची अडचण टाळण्यासाठी मधूनच अंगठा बाहेर ठेवू नये. शिवाय 1 ऑगस्ट 2020 पासून यूएसबीसी या अमेरिकेतील बोलिंग नियामक संस्थेच्या नियमांत पकडीसाठी न वापरलेले भोक चालत नाही. म्हणजे चेंडूला अंगठ्याचे भोक असेल, तर प्रत्येक फेकीत अंगठा त्यात असावा लागतो.

8. सराव

गुडघ्यावरचा सराव. फाऊल लाइनजवळ उजवा गुडघा टेकून, डावा पाय पुढे ठेवून बसावे, हलका चेंडू घ्यावा आणि छोट्या झोक्याने सोडावा. पावले नसल्याने सगळे लक्ष अंगठ्यावर राहते. पिना मोजू नयेत. शक्य असेल तर पिना न लावलेली लेन मागावी.

एका पावलाचा सराव. सरकण्याच्या शेवटच्या स्थितीत उभे राहून दोनदा चेंडू झुलवावा आणि तिसऱ्या झोक्यात सोडावा. लेनवरच्या सात बाणांपैकी उजवीकडून दुसरा बाण लक्ष्य धरावा. चेंडू त्यावरून सलग काही वेळा गेला की मगच पूर्ण अप्रोचकडे जावे.

बिनअंगठ्याचा सराव. बराच हलका चेंडू घेऊन फक्त दोन बोटे घालावीत आणि चेंडू तळहात व मनगटाच्या आधारावर झुलवावा. मनगट मोडले की चेंडू ताबडतोब पडतो, त्यामुळे हात चेंडूखाली कसा ठेवायचा हे लगेच कळते. नेहमीच्या वजनाच्या चेंडूने हा सराव करू नये.

एका बैठकीत एकाच गोष्टीवर काम करावे. टेप, वेग आणि हाताची स्थिती एकदम बदलली, तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. शेजारच्या लेनवरून मिळणारे सल्लेही वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या बैठकीत एकेक तपासावेत.

9. चेंडू काय सांगतो ते वाचा

लेनच्या पहिल्या भागात तेलाचा थर असतो. चेंडू परत आल्यावर पुसण्याआधी उजेडात धरावा. त्यावर तेलाची गोल रेघ दिसते. ती अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांच्या बाहेरून, पण त्यांच्या जवळून जात असेल, तर हात चेंडूच्या मागे होता. रेघ भोकांपासून फार दूर आणि लहान वर्तुळात असेल, तर हात वर गेला होता. रेघ अंगठ्याच्या भोकावरूनच जात असेल, तर चेंडू लेनवरून जाताना टकटक ऐकू येते. मग आधी रिलीज पाहावा आणि तो ठीक असेल, तर ड्रिलरला दाखवावे.

अंगठ्याचा आवाजही कानावर घ्यावा. स्वच्छ सुटलेल्या अंगठ्याचा आवाज जवळपास येत नाही. फोन घोट्याच्या उंचीवर, बाजूच्या दिशेने ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केले, तर अंगठा बोटांच्या आधी बाहेर आला की त्यांच्याबरोबर, हे स्पष्ट दिसते. ती चित्रफीत टेपच्या नोंदीबरोबर जपावी.

10. अंगठ्याची काळजी

खेळून झाल्यावर अंगठा उजेडात नीट पाहावा. नखाच्या मागे, सांध्यावर घट्टा पडत असेल, तर अंगठा वाकतो आहे; भोक सैल असण्याची शक्यता आधी तपासावी. एकाच बाजूला लालसर पट्टा असेल, तर भोकाचा आकार किंवा बाजूचा पिच (भोकाचा डावी-उजवीकडचा कल) पाहावा. मुळाशी ओरखडा असेल, तर कड गोलसर करून घ्यावी. घट्टा ब्लेडने कापू नये, आंघोळीनंतर मऊ असताना हलकेच घासावा. फोड आला, तर त्या दिवशी खेळ थांबवावा. संरक्षक टेप लावून पुढे खेळता येते हे खरे, पण दुखरा अंगठा भोकात वाकतो आणि आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी बिघडते. नख पेराबरोबर कापलेले असावे.

बधिरपणा मात्र वेगळा आणि गंभीर आहे. अंगठ्याच्या तर्जनीकडील बाजूने एक बारीक मज्जातंतू जातो. भोकाची कड तिथे पुन्हा पुन्हा दाबत राहिली, तर त्याभोवती ऊती जाड होते, अंगठ्याला मुंग्या येतात, स्पर्श कळेनासा होतो आणि कधी तिथे दाबल्यास गाठ जाणवून झिणझिण्या येतात. वैद्यकात ही स्थिती बोलरचा अंगठा याच नावाने ओळखली जाते. अशी लक्षणे दिसताच खेळणे पूर्ण थांबवावे आणि हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. त्यांना आपण बोलिंग खेळतो हे आवर्जून सांगावे आणि जमल्यास भोकाचा फोटो दाखवावा. पुन्हा खेळण्याची परवानगी मिळाल्यावर जुन्याच भोकात अंगठा घालू नये. आधी ड्रिलरकडे जाऊन भोक थोडे मोठे करून, तर्जनीकडची कड अधिक गोलसर घासून घ्यावी, आणि पहिले काही दिवस हलक्या चेंडूने, गुडघ्यावरच्या सरावापासून सुरुवात करावी.